कोणता खेळ मोडावा?

भांडायला माणसाला विषय लागत नाही हे मला ठाऊक होते. पण एका आगबोटीवरून सबंध घरात दोन तट पडावेत आणि वाढलेली आमटी ताटातच निवून जावी, हा प्रकार मी प्रथम पाहिला तो फ्लोरिडा राज्यातल्या टाम्पा शहरी, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. साल २०२५, महिना मे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून मी मोकळा झालो होतो, कॉलेजला सुटी लागली होती, आणि आईला लेकीचे घर दाखवायचे कित्येक वर्षे राहून गेले होते. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या रात्रीची ही गोष्ट.

"नदी बुजवायची म्हणजे काय, गंमत आहे?" भावोजी हातातली पोळी तशीच ठेवून म्हणाले.

"बाबा, त्या बोटीत बसतं कोण? रिकामीच तर फिरते," भाची म्हणाली.

मला वाटले, गावातल्या कोणा नदीवर संकट आले असावे आणि मंडळी नगरपालिकेवर मोर्चा नेण्याच्या बेतात असावीत. आईने तर काळजीने विचारले, "मग गावाला पाणी कुठून यायचं?" तेव्हा कोठे हशा पिकला आणि खुलासा झाला. ही नदी खरी नदी नव्हे. टाम्पाहून मोटारीने तासा-दीड तासाच्या अंतरावर, ऑर्लँडोजवळ, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची अवाढव्य करमणूकनगरी आहे. तिच्यातले सर्वांत जुने उद्यान म्हणजे १९७१ साली उघडलेले 'मॅजिक किंग्डम'. त्यात माणसांनी खणलेली ही नदी. मध्ये बेट, भोवती कड्यासारखे पाणी, आणि त्या पाण्यातून फिरणारी मोठ्या चाकाची जुन्या घाटाची आगबोट. बेटाला मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरचे नाव. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की नदी, बेट आणि बोट तिन्ही काढून तेथे बोलक्या मोटारींच्या 'कार्स' या चित्रपटावर बेतलेले नवे नगर वसवायचे. अखेरचा दिवस ठरला ६ जुलै २०२५.

इंग्रजीत अशा उद्यानातल्या प्रत्येक गोष्टीला 'राइड' नाही तर 'अ‍ॅट्रॅक्शन' म्हणतात. मी आपला जत्रेतला शब्द वापरतो आणि त्यांना खेळ म्हणतो.

आपल्याकडे जसे नाटकवेडे असतात, अमक्या नटाने तमक्या प्रयोगात कोणता पदर कोणत्या खांद्यावर घेतला होता हे सांगणारे, तसे तिकडे या उद्यानांचे वेडे आहेत. वर्षातून पाच-सहा वेळा जाणारे, कोणत्या बाहुल्याचा डावा हात किती दिवसांपासून हलत नाही याची नोंद ठेवणारे. त्यांचा एक आवडता वाद म्हणजे जुन्यापैकी कोणता खेळ मोडावा आणि त्या जागी काय आणावे. जो तो आपली यादी घेऊन उभा. रांग किती लांब लागते, रंग किती उडाला आहे, मुले जांभया देतात की किंकाळ्या मारतात, अशा कसोट्या लावून एकेका खेळाला फाशीची शिक्षा सुनावली जाते. माझा तेरा वर्षांचा भाचा तर न्यायाधीशच. त्याच्या यादीत पहिल्या नंबरावर धूर सोडणाऱ्या छोट्या मोटारी होत्या. 'उद्याचे जग' म्हणून जो भाग उभारला, तेथेच पेट्रोलचा वास का यावा, असा त्याचा बिनतोड सवाल. दुसऱ्या नंबरावर 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' म्हणजे प्रगतीचा फिरता रंगमंच. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेले यांत्रिक बाहुल्यांचे हे नाटुकले १९७५ पासून फ्लोरिडात चालू आहे.

"काढून टाकायलाच हवं," मी न पाहताच निकाल दिला. "साठ वर्षं एकच नाटक म्हणजे फार झालं."

भावोजींनी माझ्याकडे असे पाहिले की पुढचा भात मी मुकाट्याने जेवलो.

खरे तर मी इतक्या झटपट बोलायला नको होते, कारण हा वाद मला अगदीच परका नव्हता. अभ्यासक्रमातला कोणता धडा गाळावा याच्या बैठकांना मी बसलेलो आहे. तेथला अनुभव असा की काहीतरी जुने गाळलेच पाहिजे यावर पहिल्या पाच मिनिटांत एकमत होते आणि काय गाळावे यावर सायंकाळच्या चहापर्यंत होत नाही. जो तो दुसऱ्याच्या लहानपणचा धडा गाळायला तयार असतो; स्वतः सातवीत पाठ केलेली कविता मात्र अमर वाङ्मय ठरते. डिस्नेप्रेमी मंडळींचेही तेच. चाळिशीच्या माणसाचे सुवर्णयुग विचारावे तर ते नेमके तो दहा वर्षांचा होता तेव्हाचे निघते.

दोन दिवसांनी आम्ही उद्यान पाहायला निघालो आणि वाटेत भावोजींनी आपला सगळा पुरावा मांडला. मोटार चालवता चालवता माणूस इतका इतिहास सांगू शकतो हे मला माहीत नव्हते.

या साऱ्याचा मूळ पुरुष वॉल्ट डिस्ने. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम गावी १७ जुलै १९५५ रोजी त्याने पहिले डिस्नेलँड उघडले, आणि हे उद्यान कधीच पुरे होणार नाही असे तो स्वतःच सांगत असे. तेव्हा बदल हा तिथला कुळधर्मच. पहिल्याच हिवाळ्यात आणलेली सर्कस त्याने काही आठवड्यांत गुंडाळली. १९५७ साली 'भविष्यातले घर' म्हणून सबंध प्लॅस्टिकचे घर उभारले, ते दहा वर्षांत शिळे झाले. पाडायला गेले तर म्हणे लोखंडी गोळा आपटावा आणि तो चेंडूसारखा परत यावा! ते भविष्य मोडायला दोन आठवडे लागले असे सांगतात. तेव्हा जुने मोडायचेच नाही असा हट्ट खुद्द मालकानेही कधी धरला नव्हता.

"मग तुमची तक्रार काय?" मी विचारले.

"तक्रार मोडण्याची नाही रे. मोडून काय करतात याची आहे."

आणि त्यांनी मिस्टर टोडची कथा सांगितली. केनेथ ग्रॅहमच्या पुस्तकातला हा मोटारवेडा बेडूक. त्याच्या मोटारीत बसून भिंती फोडत, पोलिसांना चुकवत जायचे आणि शेवटी आगगाडीची धडक बसून थेट नरकात पोहोचायचे, असा हा लहान मुलांचा खेळ! तो काढणार असे कळले तेव्हा चाहत्यांनी हिरवे सदरे छापले, उद्यानात जमून सत्याग्रहच म्हणा ना, केला. उपयोग झाला नाही. ७ सप्टेंबर १९९८ ला बेडकाची गाडी थांबली आणि त्या जागी 'विनी द पू' हे अस्वल आले. पण कारागिरांपैकी कोणाचे तरी मन कळवळले असावे. अस्वलाच्या खेळात घुबडाच्या घरी एक तसबीर लावलेली आहे. तीत मिस्टर टोड घुबडाच्या हाती जागेचे खरेदीखत देतो आहे. रीतसर हस्तांतर! कॅलिफोर्नियात मात्र बेडूक १९५५ पासून आहे तेथेच आहे.

एपकॉट नावाच्या शेजारच्या उद्यानातली फिगमेंटची गोष्ट याच्या उलट. हा जांभळा छोटा ड्रॅगन म्हणजे कल्पनाशक्तीचे मूर्त रूप, १९८३ पासून मुलांचा लाडका. १९९८ मध्ये त्याचा खेळ बंद करून पुढल्या वर्षी नवा आणला. नाव कल्पनाशक्तीचेच, पण ड्रॅगनला जवळजवळ हाकलून दिलेले. लोकांनी असा गिल्ला केला की २००२ मध्ये त्याला सन्मानाने परत आणावे लागले. टिकी रूममधल्या गाणाऱ्या यांत्रिक पाखरांचेही असेच. १९९८ मध्ये त्यांच्यावर चित्रपटांतले दोन वाचाळ पक्षी आणून बसवले. जुन्या पाखरांची त्यांच्या तोंडून चेष्टा करवली. २०११ च्या जानेवारीत तेथे लहानशी आग लागली, आणि दुरुस्ती होऊन पडदा उघडला तेव्हा वाचाळ पक्षी नाहीसे होऊन जुनीच पाखरे जुनेच गाणे गात होती. चाहते अजून त्या आगीचे उपकार मानतात.

सर्वांत बोधप्रद म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या पीपलमूव्हरची. माथ्यावरच्या रुळांवरून संथपणे फिरवून आणणारी ही गाडी १९६७ ची. ती १९९५ ला बंद केली आणि १९९८ मध्ये त्याच मार्गावर अतिवेगवान रॉकेट रॉड्स सोडल्या. पण मार्ग संथ गाडीसाठी बांधलेला. वळणावर जो कल लागतो तो त्याला नव्हता. तेव्हा सरळ जागी सुसाट धावायचे, वळण आले की करकचून ब्रेक लावायचा, पुन्हा धावायचे. टायर झिजले, यंत्रे बिघडली, २००० साली सारे बंद. संथही गेले आणि वेगवानही गेले. २०२५ मध्येही तो मार्ग आपल्या खांबांवर रिकामाच उभा होता. फ्लोरिडातली तशीच संथ गाडी मात्र त्या मे महिन्यात सुखाने फिरत होती, आणि दुपारच्या उन्हात तिला रांगही होती.

"हे सगळं खरं, बाबा," मागच्या आसनावरून भाची म्हणाली, "पण स्प्लॅश माउंटनचं सांग ना मामाला. ते बरं गाळलंस!"

भावोजी गप्प झाले. यथावकाश आम्ही त्याच डोंगरापुढच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा ते प्रकरण मला भाचीनेच सांगितले. ओंडक्याच्या होडीतून वळणावळणाने जाऊन उंचावरून धाडकन पाण्यात कोसळायचे, हा येथला १९९२ पासूनचा अत्यंत लोकप्रिय खेळ. पण त्यातली पात्रे आणि गाणी घेतलेली होती 'साँग ऑफ द साउथ' या १९४६ च्या चित्रपटातून. दक्षिणेतल्या मळ्यांवरचे काळ्या माणसांचे जिणे त्यात इतके गोडगोड रंगवले आहे की पहिल्यापासून त्यावर टीका झाली. अमेरिकेत कंपनीने हा चित्रपट घरी पाहण्यासाठी कधी विक्रीलाच काढला नाही. आणि त्यावरचा खेळ मात्र चालू. २०२० च्या जूनमध्ये तो बदलण्याचे जाहीर झाले, जानेवारी २०२३ मध्ये होड्या थांबल्या. तेव्हा काही भक्तांनी त्या खेळातले पाणी म्हणून बाटल्या भरून विकायला काढल्या! आपल्याकडे गंगेचे पाणी गडूत भरून आणतात. पण तेथे निदान गंगा तरी असते.

२०२४ च्या २८ जूनला तेच डोंगर, तोच उतार टियाना या काळ्या राजकन्येच्या नावाने पुन्हा उघडला. भावोजींचे म्हणणे, जुन्यात गोष्ट होती, संकट होते, कोसळण्याला काही अर्थ होता. नव्यात नुसती मेजवानीची तयारी. मला तुलना करता येत नाही, मी फक्त नवाच पाहिला आणि नखशिखांत भिजलो. पण भाचीचे म्हणणे माझ्या मनात राहिले. ती म्हणाली, "मामा, माझी मैत्रीण शाळेत असताना आमच्याबरोबर इथं आली होती. ती काळी आहे. तिच्या आजीनं ऐकलं की ती कुठल्या खेळात बसली, आणि आजी काही बोलली नाही, नुसती उठून आत गेली. बाबांना त्या गाण्यांची आठवण गोड वाटते, पण त्या आजीला कशी वाटत असेल?"

यावर मला उत्तर सुचले नाही. जुन्या नाटकांतले विधवेवरचे आणि जातीवरचे किती विनोद आपण आज प्रयोगातून मुकाट्याने गाळतो! ते गाळल्याने नाटक पडल्याचे मी तरी पाहिलेले नाही. आणि कोणी 'मूळ संहितेचा अपमान' म्हणून ओरडू लागला, तर तो विनोद त्याच्यावर नव्हता एवढेच मला त्यातून समजते.

पण बोटीने कोणाचे काय केले होते? या प्रश्नाने पुन्हा वाद पेटला. भाचीचा हिशेब असा की नदी आणि बेट मिळून एवढी मोठी जागा अडलेली, तेथे हजारो मुलांना आवडेल असे काही होईल. भावोजींचा हिशेब असा की कंपनीने साठीच्या दशकात येथे सुमारे २७,००० एकर जमीन घेऊन ठेवली आहे. मोटारींना त्यात कोठे जागा नाही काय? शिवाय कॅलिफोर्नियात नव्या भागासाठी २०१६ मध्ये नदीला मुरड घातली, थोडी आखूड केली, पण ठेवली. मराठीचा मास्तर म्हणून मला टोचत होते ते वेगळेच. एका कादंबरीतून उगवलेले बेट, जिथे मुले गुहांत शिरत, पिंपांच्या पुलावरून धावत, ते चित्रपटातून आलेल्या मोटारींसाठी जाणार. नवे जे जे येते ते चित्रपटाच्याच दुकानातून येते, हे मला काही बरे वाटत नाही. पण हे मी बोललो नाही. बोटीच्या बाजूने मतदान करण्याआधी एकदा बोटीत बसून घ्यावे म्हटले. एकदा न पाहता निकाल देऊन झाला होता.

त्याआधी तो फिरता रंगमंच पाहिला. आईचे गुडघे दुखत होते, ऊन मी म्हणत होते, आणि बसायला गार जागा एवढीच जवळ होती. आत गेल्यावर गंमत कळली: रंगमंच जागच्या जागी, आपली आसनेच फिरतात. एका अंकात शतकाच्या आरंभीचे घर, मग विसाचे दशक, मग चाळिसाचे, मग भविष्य. आईला इंग्रजी येत नाही. पण कपडे धुण्याच्या यंत्राचे कौतुक, बर्फाची पेटी, मग एकाच भोकात दहा वायरी खुपसल्यामुळे उडालेला फ्यूज आणि काळोख झालेली आळी, यातले तिला काय कळायचे राहिले होते? ती खुदखुदून हसत होती. शेवटच्या अंकात माणसाचे बोलणे ऐकणारी भट्टी खेळातले गुण तापमान समजून मेजवानीचा पक्षी जाळून टाकते, तेव्हा ती म्हणाली, "मिक्सर बरा, निदान ऐकत तरी नाही." आणि बाहेर येताना, "शंभर वर्षांत हा बाप्या म्हातारा झाला नाही बाई."

भाच्याने यादीतला दुसरा नंबर खोडला असे नाही; पण आजीला हात देऊन पायरी उतरवताना तो एवढे म्हणाला, "आजी, ठीक आहे, हे राहू दे."

बोटीवर आम्ही संध्याकाळी गेलो. रिकामी फिरते हे काही खरे नव्हते. निम्मी भरली होती. तान्ही मुले, वृद्ध माणसे, पाय सुजलेल्या आया. रांगेची लांबी मोजणाऱ्यांना ही माणसे कधी दिसत नाहीत, कारण शेकडो माणसे एकदम आत घेणाऱ्या बोटीला रांग लागतच नाही. आणि ती येथे बसली नसती तर दुसऱ्या कोणत्या तरी रांगेत उभी असती. बोटीचे यंत्र खऱ्या वाफेचे. मात्र सुकाणू नावालाच, पाण्याखालच्या रुळाला धरून ती चालते. भोंगा वाजला आणि आई दचकून सावरून बसली. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने ती जयगडला जात असे. "इथं बरं आहे," ती म्हणाली, "पडावात उतरायला लागत नाही." मग थोड्या वेळाने विचारले, "कुठं नेणार ही?"

"कुठंच नाही आई," भावोजी म्हणाले, "बेटाला वळसा घालून पुन्हा इथंच."

"म्हणजे प्रदक्षिणाच की."

भावोजी कठड्याशी गेले. तेथून मागे न पाहता त्यांनी मला सांगितले की भाची सहा महिन्यांची असताना दिवसरात्र रडायची. डॉक्टर झाले, ताईची झोप गेली. ती पहिल्यांदा शांत झोपली ती या बोटीवर. मग वर्षाचे तिकीट काढून ते दर शनिवारी यायचे, दुसरे काही न पाहता लागोपाठ चार फेऱ्या मारायचे आणि घरी जायचे. भाची जवळच उभी होती. ती रागावली नाही, पण म्हणाली, "बाबा, मला ते आठवत नाही त्याला मी काय करू? आता जी मुलं सहा महिन्यांची आहेत त्यांना मोटारीच आठवतील."

"मोटारीत झोप नाही लागत," भावोजी म्हणाले. ताईने "तुम्हाला तर लागते, चालवताना," असे म्हटल्यावर विषय तेथे थांबला.

जूनमध्ये आम्ही पुण्याला परतलो. ६ जुलैला, आमच्याकडे सोमवारची सकाळ असेल, भावोजींचा फोन आला. ते अखेरच्या दिवशी गेले होते. त्या दिवशी मात्र बोटीला रांग होती. बरोबर कोण होते म्हणून विचारले, तर भाची. तिने परीक्षेचा अभ्यास सोडून स्वतः मोटार चालवत नेले होते. भोंग्याचा आवाज तिनेच फोनवर टिपून पाठवला होता. मी तो आईला ऐकवला. ती मेथी निवडत होती. तिने दोनदा ऐकला आणि विचारले, "आणि एवढं पाणी सोडणार कुठं ते?"

मी भाचीला विचारून सांगतो म्हणालो.